सासूबाईंची वही, तुझी वाटी आणि दोन पोरं

तुझा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी अकरा महिन्यांची. सासूबाई सात महिने राहून चिपळूणला परत गेल्या आणि जाताना रेसिपींची वही ठेवून गेल्या. वहीत खिमट, नाचणीचं सत्त्व, मेतकूट, कुळथाची पिठी, बाळगुटी असं सगळं आहे, पण मापं ‘अंदाजे’, ‘चवीपुरतं’, ‘वाटीभर’. त्यांच्या हातचं खाणारी लेक तुझ्या हातचं खिमट थुंकते. मुलगा दूध-बिस्किटांवर जगतो. तुला सकाळी साडेसातला घर सोडावं लागतं. वहीतलं काय ठेवू, काय सोडू, आणि वेळ कुठून आणू?

मी डोंबिवलीत २६ वर्षं पाळणाघर चालवते आहे. सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत मुलं असतात, कधी बारा, कधी बावीस. निम्म्यांचा डबा घरून येतो, निम्मी माझ्याकडचं जेवतात. मी डॉक्टर नाही. गृहविज्ञान शिकलेली बाई आहे, आणि बाकीचं पोरांनी शिकवलं. तू माझ्या लेकीच्या वयाची दिसतेस, म्हणून ‘तू’ म्हणते.

आधी वाटीचं बघू. माझ्या सासूबाईंच्या मेतकुटात ‘मेथ्या बेताच्या’ एवढंच लिहिलेलं होतं. मी माझ्या बेताने घातल्या आणि मेतकूट असं कडू झालं की दोन किलो पीठ बागेतल्या खतात गेलं. तेव्हा कळलं की वहीतला ‘बेत’ हा त्यांच्या हाताचा असतो, आपल्या नाही. मग पुढच्या वेळी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं आणि म्हटलं, तुम्ही नेहमीसारखं घ्या, फक्त कढईत टाकण्याआधी माझ्या काट्यावर ठेवा. त्या चिडल्या, पण केलं. त्यांची ‘वाटी’ पितळेची, जुनी, खोलगट. तांदूळ काठोकाठ भरले की १९० ग्रॅम. माझी स्टीलची वाटी १४० ग्रॅमची. आता सांग, ‘एक वाटी तांदळाला तीन वाट्या पाणी’ हे दोन्ही वाट्यांना चालतं, कारण तिथे प्रमाण आहे; पण ‘दोन वाट्या डाळीला एक चमचा मेथ्या’ हे चालत नाही, कारण चमचा बदलत नाही आणि वाटी बदलते. वहीतल्या चुका बहुतेक अशाच जागी होतात.

मापांपेक्षा जास्त काहीतरी वहीत लिहायचं राहून गेलेलं असतं ते म्हणजे आच, भांडं आणि तांदूळ नवा की जुना. कोकणातल्या घरच्या नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, तुझ्या दुकानातल्या वर्षभर मुरलेल्या तांदळाला जास्त. सासूबाईंनी सात महिने तुझ्याच गॅसवर केलं हे खरं, पण तांदूळ चिपळूणहून आणलेला होता का? विचार त्यांना. माझी पैज आहे की लेकीला फरक कळलाय तो तिथे.

आता खिमट. वाटीभर तांदूळ आणि अर्धी वाटी मुगाची डाळ वेगवेगळी धुऊन फडक्यावर सावलीत पसरायची. खडखडीत वाळली की मंद आचेवर वेगवेगळीच भाजायची, कारण डाळ लवकर होते. तांदळाचा दाणा आतून पांढरा खडूसारखा झाला, थोडा फुलला, की उतरव. डाळीला किंचित गुलाबीसर रंग आणि वास आला की बस. त्यात अर्धा चमचा भाजलेलं जिरं. मिक्सरला फिरवून रव्यासारखी भरड ठेव, पीठ करू नकोस. शिजवताना दोन मोठे चमचे भरड (साधारण २५ ग्रॅम) एक कप थंड पाण्यात कालवून मग गॅसवर, आठ-दहा मिनिटं, ढवळत, लागेल तसं पाणी वाढवत. चिमूटभर हिंग. शेवटी छोटा चमचाभर साजूक तूप. मीठ नाही. वर्षाच्या आत मिठाची गरज नसते आणि तिला अळणी म्हणजे काय हे ठाऊकही नाही, अळणी आपल्याला लागतं.

तू लिहिलंस की ‘घशात अडकू नये म्हणून पातळ करून मिक्सरमधून काढते’. हे थांबव. दोन कारणं. पहिलं पोटाचं. या वयाच्या, अजून अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण ३०० कॅलरी लागतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आहे. वर सांगितलेल्या वाटीभर घट्ट खिमटातून, तुपासकट, १३० च्या आसपास मिळतात. तीच वाटी एका चमचा भरडीची, तूप न घालता, पाण्यासारखी केली की जेमतेम चाळीस. पोट दोन्हीत तेवढंच भरतं. पोट एवढंसं तर असतं. कसं ओळखायचं? चमचा तिरका केला की खिमट टपकन पडलं पाहिजे, ओघळता कामा नये.

दुसरं कारण तोंडाचं. नऊ-दहा महिन्यांपर्यंत मऊ गोळे, कण तोंडात घोळवायची सवय लागली नाही, तर पुढे ही मुलं भाताचं शीत आलं तरी ओकारी काढतात. माझ्याकडे दोन वर्षांची मुलं येतात जी फक्त पेस्ट खातात, आणि त्यांना भातावर आणायला मला चार-चार महिने लागतात. दात नसले तरी हिरड्यांनी मऊ भात चिरडता येतो. अकरा महिन्यांच्या मुलीने गुरगुट्या भात खावा, बोटांनी कुस्करलेली पोळी वरणात भिजवून खावी, उकडलेल्या बटाट्याचा तुकडा हातात धरून तोंडाला, कानाला, केसांना लावावा. खिमट थुंकण्याचं कारण पुष्कळदा चव नसतेच. तिला तुझ्या हातातला चमचा हवा असतो. तिला एक चमचा दे, तू दुसऱ्याने भरव. खाली जुनी चादर अंथर. सासूबाई बहुधा हेच करत असतील आणि वहीत लिहावं असं त्यांना वाटलंच नसेल.

नाचणीच्या सत्त्वाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण या एका पदार्थात आजीचं शहाणपण आणि आजीची चूक दोन्ही आहेत.

शहाणपण मोड आणण्यात आहे. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममागे साधारण ३६४ मिलिग्रॅम, पण त्याच दाण्यात फायटेट नावाचा घटक असतो जो लोह आणि कॅल्शियम धरून ठेवतो. भिजवून मोड आणले की तो कमी होतो. दुसरी गंमत अशी की मोड येताना दाण्यात पिष्ट तोडणारं एक पाचक द्रव्य तयार होतं. त्यामुळे मोडाच्या पिठाची खीर तेवढ्याच पिठात जास्त पातळ राहते. म्हणजे त्याच दाटपणाला तू पीठ जास्त घालू शकतेस, बाळाला तेवढ्याच वाटीत जास्त मिळतं. मोड आलेली नाचणी लालभडक भाजलीस की हे द्रव्य मरतं, म्हणून नुसती कोमट, वास येईपर्यंत गरम करायची.

चूक गाळण्यात आहे. तुझ्या वहीत लिहिलंय तशी मोडाची नाचणी वाटून, पंचातून तीनदा गाळून, खाली बसलेला पांढरा साका वाळवायचा, ही जुनी रीत. दिसायला सुंदर, पचायला हलकं, पण सालाबरोबर लोहाचा आणि कॅल्शियमचा मोठा वाटा चोथ्यात जातो, आणि चोथा आपण कुंडीत टाकतो. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू केल्यावर पहिले दोन महिने हवं तर गाळलेलं दे. अकरा महिन्यांच्या मुलीला काही गरज नाही.

मी करते ते असं. एक किलो नाचणी चार-पाच पाण्यांतून धुवायची, खडे काढायचे. नाचणीत माती फार असते. बारा तास भिजत, मध्ये दोनदा पाणी बदलून. फडक्यात घट्ट बांधून उन्हाळ्यात एक दिवस, थंडीत दीड-दोन. पांढरी टोकं दिसली की पुरे. पंख्याखाली सुती साडीवर दोन दिवस वाळवायची. मग कढई गरम करून हलकं परतणं, दळणं, बारीक चाळणीने चाळणं. गिरणीत देणार असशील तर आधी विचार की तुझ्या आधी काय दळलं. मिरचीच्या घाण्यावर बाळाचं पीठ गेल्याची रडारड मी ऐकलेली आहे. आणि हे काम जून ते सप्टेंबर करू नकोस. आपल्याकडच्या दमट हवेत मोडांना बुरशी येते, ती धुऊन जात नाही, भाजूनही भागत नाही. कुबट वास आला तर सगळं फेकायचं, वरचं काढून खालचं वापरायचं नाही.

खीर करताना पीठ थंड पाण्यात कालव, सहा-सात मिनिटं पाण्यातच शिजव, मग दूध. गूळ वहीत आहे, पण लेकीला तू अजून घालू नकोस. पिकलेलं केळं कुस्कर किंवा रात्रभर भिजवलेली खारीक वाटून घाल. गोडाची चटक लागायला आयुष्य पडलंय.

आता वहीतली जी पानं मी चिमट्याने बंद करून ठेवीन ती. मध: वर्ष पूर्ण होईपर्यंत थेंबभरही नाही, चाटण म्हणून नाही, गुटीत नाही. मधात कधीकधी असे जिवाणूंचे बीजाणू असतात जे मोठ्यांना काही करत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडू शकतं. मध उकळला तरी बीजाणू मरत नाहीत. बाळगुटी: हळकुंड, बाळहिरडा, मुरडशेंग, सुंठ यांचा एखादा वेढा सहाणेवर उगाळल्याने आभाळ कोसळत नाही असं घरोघरी म्हणतात, पण सहा महिन्यांपर्यंत अंगावरच्या दुधाशिवाय काहीच द्यायचं नसतं, आणि पुढे अन्न सुरू झाल्यावर गुटीचं कामच उरत नाही. वेखंड आणि जायफळ यांच्याबाबत मी ठाम आहे, नको. माझ्याकडे एक आठ महिन्यांचं बाळ सकाळी साडेआठला आलं ते दुपारी दोनपर्यंत जागंच होईना. आईला फोन, आईचा आजीला फोन. रात्री रडत होतं म्हणून आजीने जायफळाचे दोनाऐवजी सात-आठ वेढे दिले होते. डॉक्टरांकडे नेलं, निभावलं. आजी वाईट नव्हती. तिला झोप हवी होती, सगळ्यांना हवी असते.

सासूबाईंशी यावरून वाद घालू नकोस. पाळणाघराच्या काकूंनी नको सांगितलंय म्हण. माझ्या नावावर अशी पुष्कळ पापं आहेत, एक अजून.

मुलाकडे येऊ. तू लिहिलंस ‘काहीच खात नाही’, आणि तीन ओळी खाली ‘दिवसातून तीन बाटल्या दूध आणि सात-आठ बिस्किटं’. अगं, मग खातो की! फुल क्रीम दुधाच्या अडीचशे मिलिलिटरच्या तीन बाटल्या म्हणजे साडेसहाशे कॅलरी. वर बिस्किटं. त्याच्या वयाला दिवसाची गरज अकराशे ते तेराशेच्या दरम्यान. म्हणजे जेवणाच्या ताटाशी येतो तेव्हा त्याचं निम्म्याहून अधिक काम झालेलं असतं. दुधात लोह जवळपास नसतंच, आणि भरपूर दूध पिणारी, भाजी-डाळ न खाणारी, गोरीगोमटी दिसणारी मुलं तपासली की हिमोग्लोबिन कमी निघतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची १०० पैकी सुमारे ६९ मुलं रक्तक्षयी निघाली होती. ही फक्त गरिबांची गोष्ट आहे असं समजू नकोस. तो माती, खडू, भिंतीचा चुना, बर्फ खातो का ते बघ. खात असेल तर रागावू नकोस, रक्त तपासून घे.

दूध दिवसाला दोन कपांवर आण, ४०० मिलिलिटरच्या आत. बाटली बंद, कपातून. पहिले तीन-चार दिवस घरात तमाशा होईल. तो शुक्रवारी संध्याकाळी सुरू कर म्हणजे सोमवारपर्यंत आवाज बसलेला असेल.

माझ्याकडे साडेदहानंतर कुणाच्या हातात खाऊ नसतो. सव्वाबाराला ताटं. पहिला वाढा मऊ भात, वरण, तूप, लिंबू; सगळ्यांना आवडतं ते आधी, म्हणजे कुणी रडत बसत नाही. मग भाजी, एक चमचा, ताटाच्या कडेला. ‘खा’ म्हणत नाही. ‘खाऊन तर बघ’ हेही नाही. काय, कधी आणि कुठे हे माझ्या हातात, किती हे त्यांच्या. वीस-पंचवीस मिनिटांनी ताटं उचलते, खाल्लं असो नसो. पुढचं खाणं साडेतीनला. मधे रडलं तर पाणी. हे ऐकायला कठोर वाटतं, पण दोन आठवड्यांत मुलाला कळतं की इथे कुणी मागे धावत नाही. मागे धावणं हा खेळ आहे, फार मजेचा, आणि त्यात आई नेहमी हरते.

एक नवी भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा ताटात आल्यावर मूल तोंडात घालतं. आपण तिसऱ्या वेळी म्हणतो ‘याला दुधी आवडत नाही’ आणि घरात दुधी येणं बंद होतं. एका मुलीने दुधीला वर्षभर हात लावला नाही. एके दिवशी मदतनीस आली नव्हती, म्हणून मी मुलांनाच किसलेल्या दुधीचं पाणी पिळायला बसवलं, थालीपिठासाठी. हिने दोन्ही मुठींनी पिळलं, कोपरापर्यंत ओघळ. थालीपीठ झाल्यावर तिने तीन खाल्ली आणि घरी जाऊन सांगितलं की ‘मी केलं’. तेव्हापासून काहीतरी काम मुलांकडेच असतं: मटार सोलणं, कोथिंबीर निवडणं, उकडलेलं अंडं सोलणं, छोट्या खलात शेंगदाणे कुटणं. कामाचा वेळ दुप्पट लागतो हे कबूल. रोज नाही, रविवारी कर.

चिऊचा घास, काऊचा घास याला माझी हरकत नाही. त्यात तू त्याच्याकडे बघतेस, तो तुझ्या हाताकडे बघतो. मोबाइल लावून भरवलेल्या मुलाला पोट भरल्याचंही कळत नाही आणि काय खाल्लं तेही.

वेळ कुठून आणू, हा तुझा खरा प्रश्न. त्याला माझं एकच उत्तर आहे आणि बाकी सगळं त्याच्यापुढे दुय्यम: मुलांचं वेगळं शिजवू नकोस. घरच्या पातेल्यातूनच, मीठ-तिखट पडण्याआधी काढ. त्यासाठी फोडणीची सवय उलटी करावी लागते. आपण तेल, मोहरी, मिरची, मग डाळ असं जातो. तू डाळ-भाजी नुसत्या हिंग-जिऱ्यावर शिजव, लेकीची वाटी काढ, मीठ घालून मुलाची काढ, मग मोठ्यांसाठी लसूण-मिरचीची फोडणी वरून ओत. नवऱ्याला फरक कळत नाही, माझ्या तर आजतागायत कळला नाही.

तुझ्या वहीतली कुळथाची पिठी यासाठी अगदी सोन्यासारखी आहे. कुळीथ भाजून, भरडून, सालं पाखडून दळलेलं पीठ घरात असलं की दहा मिनिटांत जेवण होतं. कुळथात १०० ग्रॅममागे सुमारे नऊ मिलिग्रॅम लोह आणि २१-२२ ग्रॅम प्रथिनं असतात, वजनाला वजन लावलं तर नाचणीच्या दुप्पट लोह. चमचाभर तेलात जिरं, हिंग, ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या. दोन कप पाणी आणि एक आमसूल. उकळी आली की दोन-तीन चमचे पिठी थंड पाण्यात कालवून ओत, ढवळत राहा, पाच-सहा मिनिटांत दाट होते. लेकीला मऊ भातात कालवून, वर लिंबाचे दोन थेंब, कारण आंबट फळातल्या क जीवनसत्त्वाने डाळीतलं लोह अंगी लागतं. मुलाला भाकरी कुस्करून. मग तुमच्यासाठी कांदा-मिरचीची फोडणी आणि ओलं खोबरं. एकाच भांड्यात चौघं जेवली.

वरणफळंही तशीच. तूरडाळीचं पातळ वरण उकळत ठेवायचं, कणकेत हळद, ओवा, थोडं तेल. पोळी लाटून मुलाला एक छोटी वाटी द्यायची, तो गोल कापत बसेल. वेडेवाकडे होतात, होऊ देत. उकळत्या वरणात बारा-पंधरा मिनिटं शिजली की लेकीची तीन फळं बोटांनी चिरडून तूप घालून दे. अंडं खात असाल तर लेकीला पूर्ण शिजलेलं, पिवळं-पांढरं दोन्ही चालतं. मासे तुमच्या घरात असणारच. काटे दोनदा बघून काढ, एकदा डोळ्यांनी, एकदा बोटांनी.

रविवारी सगळा आठवडा शिजवून ठेवायचा उद्योग करू नकोस, सुट्टी वाया जाते. तीनच गोष्टी कर: खिमटाची भरड, भाजणी, दाण्याचं कूट. भरड महिनाभर टिकते, कोरड्या बरणीत, कोरड्या चमच्याने. दाण्याचं कूट फ्रिजमध्ये, नाहीतर खवट होतं. भाजणीत बाजरी भाजून घातलेली असते म्हणून निभतं, पण बाजरीचं कच्चं पीठ आठवड्याच्या वर ठेवू नकोस, त्यातल्या तेलामुळे कडू होतं आणि मग मुलाला बाजरीच आवडत नाही असा ठपका बसतो.

डब्याविषयी, २६ वर्षं डबे उघडणारी म्हणून सांगते. सकाळी सातला गरम भात डब्यात दाबून बंद केला आणि साडेबाराला उघडला की उन्हाळ्यात त्याला तार आलेली असते. शिजलेला भात उबदार राहिला की त्यात वाढणारे जंतू पुन्हा गरम करूनही पूर्ण निरुपद्रवी होत नाहीत, त्यांचं विष तसंच राहतं. दूधभात, ओल्या खोबऱ्याची चटणी, टोमॅटो-काकडीची कोशिंबीर हे एप्रिल-मेमध्ये अकरा वाजेपर्यंत गेलेलं असतं. थालीपीठ, गूळपोळी, तिखटमिठाची पुरी, घट्ट पिठलं-पोळी, भाजी भरलेला पराठा टिकतात. डबा भरण्याआधी पदार्थ ताटलीत निवू दे. झाकणाला आलेला घामच नासवतो. आणि कमी दे. सात पदार्थांचा डबा बघून मूल घाबरतं. दोन पुरे.

वहीत ‘पोषक चिवडा, शेंगदाणे व फुटाणे घालून’ असं पान आहे. मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू, लाह्यांमधली न फुटलेली गणंगं, अख्खी द्राक्षं आणि गाजराचे कच्चे तुकडे देऊ नकोस. कूट दे, द्राक्षं उभी चार भागांत काप, गाजर वाफव. माझ्याकडे एका दिवाळीनंतर मोठ्या भावाच्या दप्तरातला चिवडा धाकट्याने खाल्ला आणि हसता हसता दाणा अडकला. पाठीवर थाप मारून तो बाहेर पडला, पण त्या अर्ध्या मिनिटात माझे केस पांढरे झाले. चूक माझी होती, दप्तर मुलांच्या हाताला लागेल असं ठेवलं होतं. आता आल्या आल्या दप्तरं वरच्या फळीवर जातात आणि खिसे तपासले जातात. जेवताना पळायचं नाही, आडवं पडायचं नाही, हसवायचंही नाही. हे तिन्ही नियम लहानग्यांच्या घरात लागतात, आणि तिसरा मोडतो तो बहुतेक बाबाच.

लेकीचं वजन आता पूर्वीसारखं झपाट्याने वाढणार नाही, तेही सांगून ठेवते. पहिल्या वर्षात बाळ जन्माच्या तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं आणि भूकही तशीच कमी होते. वाढदिवसानंतर ‘हल्ली काही खात नाही’ म्हणून येणाऱ्या आयांपैकी निम्म्या या कारणाने येतात. लसीकरणाच्या कार्डावर वाढीचा तक्ता असतो, त्यावर दर महिन्याला ठिपका मार. रेघ सपाट झाली किंवा खाली वळली, तर रेसिपी बदलत बसू नकोस, डॉक्टरांकडे जा.

सासूबाई गणपतीला येणार असं तू लिहिलंयस. आल्या की त्यांच्याकडून कुळथाची पिठी करून घे, आणि कुळीथ कढईत असताना दर दोन मिनिटांनी वास घे. किती भाजायचं ते वहीत कुणालाच लिहिता आलेलं नाही. काटा ओट्यावर तयार ठेव. आणि फोनवर आत्ताच सांग, येताना त्यांची ती वाटी घेऊन या म्हणावं.